परिषदेचे पत्र आणि आईच्या पाटल्या

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): मी एकोणतीस वर्षांची असून मेहकर तालुक्यातील एका खेड्यात राहते. अमरावती विद्यापीठात माझे पीएच.डी.चे काम चालू आहे. विषय लोणार सरोवराच्या तळातील गाळ हा आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवते आणि मानधन उशिरा, एकदम येते. व्हिएन्ना येथे दरवर्षी वसंतात युरोपीय भूविज्ञान संघाची परिषद भरते. तिथे मी पाठवलेला सारांश पोस्टरसाठी स्वीकारला गेल्याचे पत्र आता फेब्रुवारीत आले आहे. विमानभाडे, नोंदणी, व्हिसा, विमा आणि सहा रात्रींचा मुक्काम धरून खर्च पावणेदोन लाखांच्या घरात जातो. माझ्या खात्यात एकतीस हजार आहेत आणि पासपोर्ट अजून काढलेला नाही. बाबांची पाच एकर कोरडवाहू शेती आहे, यंदाचे सोयाबीन हमीभावाखाली विकावे लागले. आईने माझ्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या काढून समोर ठेवल्या. दादा म्हणतो, एवढ्या पैशात दोन एकरांवर ठिबक होईल. मार्गदर्शक सर म्हणतात, ही संधी सोडू नकोस. शिवाय दुबईच्या एका परिषदेने मला आपणहून ‘प्रमुख वक्ता’ म्हणून बोलावले आहे, शुल्क सहाशे डॉलर. मी काय करावे? आणि गेले नाही, तर आयोजकांना कारण काय सांगावे? पैसे नाहीत, असे लिहायला लाज वाटते.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सारांश स्वीकारला गेल्याबद्दल तुमचे अभिनंदन. तुमच्या घरात सध्या सगळ्यांच्याच जिवाला घोर लागलेला असणार, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागून सांगतो. यंदा व्हिएन्नाला जाऊ नका. पाटल्या आईच्या डब्यात परत जाऊ द्या. दुबईला यंदाही जायचे नाही आणि पुढेही नाही.

परदेशी परिषद ही चैन आहे, असे मला मुळीच वाटत नाही. तुम्ही जावे, आणि ते दुसऱ्याच्या पैशाने जावे, या मताचा मी आहे. यंदा नको म्हणण्याचे पहिले कारण तारखांचे आहे. परिषद एप्रिल-मेच्या सुमारास भरते आणि तुमच्याकडे पासपोर्टच नाही. तो हातात आल्यावर शेंगेन व्हिसाची (ऑस्ट्रियासह युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या सामाईक व्हिसाची) वेळ मिळवायची, पहिलाच अर्ज असल्यामुळे बोटांचे ठसे द्यायला स्वतः मुंबईसारख्या शहरात जायचे आणि मग निर्णयाची वाट पाहायची. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. जून २०२४ पासून त्याचे शुल्क ९० युरो आहे, म्हणजे आजच्या दराने नऊ हजार रुपयांच्या वर, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो तो वेगळाच.

दुसरे कारण पाटल्यांशी थेट जोडलेले आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. व्हिसा देणारा अधिकारी तुमच्या खात्यातली आजची शिल्लक तेवढी पाहत नाही, मागच्या काही महिन्यांचा खातेउतारा पाहतो. ज्या खात्यात वर्षभर वीस-तीस हजारांच्या वर रक्कम गेली नाही, त्यात अर्जाच्या आधल्या आठवड्यात एकाएकी दोन लाख जमा झालेले दिसले, तर संशय वाढतो. हे पैसे कुणाचे आणि ते परत जाणार आहेत का, असा प्रश्न त्याला पडतोच. म्हणजे पाटल्या गहाण टाकून तुम्ही व्याज भराल आणि ज्या कामासाठी ते सोने गेले, ते काम होईलच याची खात्री नाही. तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीचा आदेश सत्र संपले की संपतो, त्यामुळे ‘ही व्यक्ती परत येईल’ हे दाखवणारा नोकरीचा कागदही तुमच्या हाती कमजोर असतो. हा दोष तुमचा नाही, पण तो अर्जात भरून काढावा लागतो. पीएच.डी. नोंदणीचे पत्र, प्रबंध सादर करणे बाकी असल्याचे मार्गदर्शकांचे पत्र, प्राचार्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र, बाबांचे हमीपत्र आणि त्यासोबत सातबाऱ्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, एवढी फाईल तयार करायला शांतपणे दोन-तीन महिने लागतात. ती यंदा होणार नाही, पुढच्या वेळी होईल.

तिसऱ्या कारणासाठी माझीच गोष्ट सांगतो, कारण त्यात मी स्वतः पोळलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परदेशी परिषदेसाठी मला एका सरकारी यंत्रणेकडून प्रवासखर्च मंजूर झाला. मंजुरीचे पत्र आले तेव्हा मी कॉलेजात पेढे वाटले. पत्र दुसऱ्यांदा वाचले तेव्हा कळले की पैसे परत आल्यावर मिळणार आहेत, आधी खर्च मीच करायचा आहे. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले, जाऊन आलो, बिल लावले. सात महिन्यांनी आक्षेप आला, ‘मूळ बोर्डिंग पास जोडावेत.’ ते मी जपून ठेवले होते, पण टिनाच्या छपराखालच्या खोलीत, लोखंडी ट्रंकेत. बोर्डिंग पासचा कागद औष्णिक छपाईचा असतो, त्याला उष्णता सोसत नाही, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. ट्रंक उघडली तेव्हा एक पास करपल्यासारखा काळपट पडला होता आणि दुसऱ्यावर माझ्या आडनावातली शेवटची दोन अक्षरे तेवढी वाचता येत होती. विमान कंपनीकडून प्रवासाचा दाखला मिळवून तो प्रश्न कसाबसा सुटला, पण पैसे हाती पडायला चौदा महिने लागले आणि तोवर पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याला कापला जात होता. हप्ता कापायला मला पगार तरी होता. तुमचे उत्पन्न तासांवर आहे आणि तेही कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून माझी चूक तुम्हाला माझ्यापेक्षा फार महाग पडेल.

हा व्यवहार नीट समजून घ्यायचा असेल, तर तुमच्या दादालाच विचारा. ठिबकचे अनुदान असेच येते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज, मग पूर्वसंमती, मग पदरच्या पैशाने खरेदी, मग बिल चढवणे आणि मग वाट पाहणे. परदेश प्रवासाची मदत त्याच घराण्यातली आहे. आपल्याकडे अनुदान मिळणे आणि पैसे मिळणे यांत एक पेरणी आणि एक काढणी सहज निघून जाते. (दादाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो, पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला आपल्या राज्यात ठिबकसाठी खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यामुळे पाटल्या त्यासाठीही मोडण्याचे कारण नाही.)

आता पुढच्या वर्षाचे पाहू. तुमच्या पत्रात मला एकच खरी चूक दिसली. तुम्ही आधी सारांश पाठवला, तो स्वीकारला गेला आणि मग पैशाचा शोध सुरू केला. मोठ्या परिषदांच्या मदतीची रीत उलटी असते. युरोपीय भूविज्ञान संघ सुरुवातीच्या टप्प्यातील संशोधकांना रोलँड श्लिश यांच्या नावाने प्रवासमदत देतो, पण ती मागायची असेल तर सारांश सर्वसाधारण मुदतीच्या बऱ्याच आधी, मदतीसाठीच्या वेगळ्या मुदतीत पाठवावा लागतो आणि मदतीची मागणी त्याच वेळी नोंदवावी लागते. सर्वसाधारण मुदत जानेवारीच्या मध्याला संपते आणि बहुतेक जण शेवटच्या दोन दिवसांत सारांश पाठवतात, तोवर मदतीचे दार लागलेले असते. तुमच्या बाबतीतही हेच झाले असावे. म्हणून यंदाच्या दिवाळीत, सुट्टीचे चार दिवस हाताशी असतील तेव्हा, सारांश लिहून तयार ठेवा. भारत जागतिक बँकेच्या वर्गवारीत निम्न-मध्यम उत्पन्न गटात मोडतो आणि अनेक आंतरराष्ट्रीय संस्था या गटातील देशांच्या संशोधकांना नोंदणी शुल्कात सवलत देतात. ती सूचना परिषदेच्या पानावर सहसा अगदी तळाशी असते, तिथपर्यंत वाचत जा.

देशातल्या मदतीपैकी सर्वांत परिचित योजना विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची, म्हणजे ‘सर्ब’ची, इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्ट ही होती. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले आणि सर्बचे काम त्याच्याकडे गेले, त्यामुळे अर्जाचे चालू नियम आता त्याच्या संकेतस्थळावर वाचायचे. या योजनेचा भर इकॉनॉमी वर्गाचे विमानभाडे, नोंदणी शुल्क आणि व्हिसा शुल्क यांवर राहिला आहे. मुक्काम आणि जेवणखाण आपल्यालाच पाहायचे आहे, असे धरून चला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआरही, परदेश प्रवासासाठी अनुदान देते, आणि तुमच्या कामात सूक्ष्मजीवांचा भाग असेल तर जैवतंत्रज्ञान विभागाची परिषद-प्रवास योजनाही पाहा. दोन ठिकाणांहून अर्धी-अर्धी मदत घेता येते, मात्र दोघांनाही ते लेखी कळवलेले असले पाहिजे. विद्यापीठाकडे अर्ज द्याल तेव्हा आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

इथे एक खड्डा आहे, तो आधीच दाखवून ठेवतो. केंद्र सरकारच्या पैशाने होणाऱ्या विमानप्रवासाचे तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीन ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच काढावे लागते. एखाद्या संकेतस्थळावर चार हजारांनी स्वस्त तिकीट दिसले म्हणून काढाल, तर ते चार हजार वाचतील आणि सगळेच बिल अडकेल. बोर्डिंग पास हातात पडताच, विमानतळावरच, मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि गावी पोहोचल्यावर झेरॉक्स करा. माझ्या ट्रंकेची आठवण ठेवा.

दुबईच्या आमंत्रणाबद्दल फार लिहीत नाही. प्रमुख वक्त्याला परिषद पैसे देते किंवा निदान त्याच्याकडून घेत नाही. ज्याने तुमचे काम वाचलेले नाही, ज्याच्या एकाच परिषदेत भूविज्ञान, दंतवैद्यक आणि नर्सिंग असे सगळे विषय एकत्र येतात आणि ज्याचे पत्र ‘आदरणीय डॉक्टर’ असे सुरू होते (तुमची पीएच.डी. तर अजून व्हायची आहे), त्याला तुमच्या सहाशे डॉलरमध्ये रस आहे. हैदराबादेतील अशाच एका प्रकाशन-परिषद उद्योगाला अमेरिकेतील संघीय न्यायालयाने २०१९ साली संशोधकांची दिशाभूल केल्याबद्दल पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला होता. त्या पत्राला उत्तर देऊ नका, नकारही कळवू नका, कारण उत्तर गेले की तुमचा पत्ता चालू आहे हे त्यांना कळते.

‘संधी सोडू नकोस’ असे जे तुमचे सर म्हणतात, त्यांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार किती आहे तेही पाहा. महाविद्यालयीन शिक्षकांच्या नेमणुका-बढत्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेल्या २०१८ च्या नियमांत परिषदेतील निबंधवाचनाला परदेशात ७ गुण आहेत, देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५ आणि राष्ट्रीय परिषदेत ३. म्हणजे व्हिएन्ना आणि नागपूर यांच्यातले अंतर दोन गुणांचे, आणि त्याची किंमत तुमच्या घराला पावणेदोन लाख. पीएच.डी.साठी म्हणाल, तर प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन परिषदांत निबंध वाचण्याची सक्ती २०१६ च्या नियमांत होती, आयोगाच्या २०२२ च्या नियमांत ती राहिलेली नाही. विद्यापीठाचा अध्यादेश तेवढा एकदा पाहून घ्या. जो भरू शकतो त्यालाच जास्त गुण, ही व्यवस्था मला पटत नाही, पण ती बदलेपर्यंत तिच्यासाठी सोने मोडू नये एवढे तर आपल्या हातात आहे.

परिषदा घराजवळही येतात. आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषद १९६४ साली दिल्लीला भरली होती आणि २०२० साली ती पुन्हा दिल्लीलाच भरायची होती. कोविडमुळे ती लांबली आणि २०२२ साली ऑनलाइन झाली. ती ठरल्याप्रमाणे भरली असती, तर मेहकरहून एसटीने अकोल्याला येऊन रेल्वेने जाता आले असते. अशा परिषदा कुठे ठरतात यावर दोन-तीन वर्षे आधीपासून नजर ठेवा. तसेच इटलीतील त्रिएस्ते येथील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राच्या कार्यशाळांची यादी बघत जा. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ साली ते स्थापन केले ते विकसनशील देशांतील संशोधकांसाठीच. पृथ्वीविज्ञानही त्यांच्या कक्षेत येते, त्यांच्या उपक्रमांना सहसा नोंदणी शुल्क नसते आणि निवडक सहभागींचा प्रवासखर्चही ते उचलतात. पंधरा-वीस हजारांच्या गर्दीत एका पोस्टरशेजारी उभे राहण्यापेक्षा पन्नास जणांच्या वर्गात पंधरा दिवस बसणे तुमच्या कामाला अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, तिच्याकडे वळतो. तुमच्याकडे पैसा नाही हे खरे, पण तुमच्या घरापासून एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा अंतरावर लोणार आहे. बेसाल्टमध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या खडकात, उल्काघाताने तयार झालेली इतकी चांगली टिकलेली विवरे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि मंगळ-चंद्राच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचे अगत्य त्यामुळेच आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा ते छायाचित्र जगभर गेले, त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यताही, मिळाली. युरोपातल्या संशोधकाला तिथल्या गाळाचे दर महिन्याचे मोजमाप हवे असेल, तर त्याला विमानाने यावे लागेल, वन विभागाची परवानगी काढावी लागेल आणि उन्हाळ्यात विवराचा उतार उतरून पुन्हा चढावा लागेल. तुम्ही ते सगळे आधीच करत आहात. तुमच्या विषयावर अलीकडे ज्यांचे निबंध आले आहेत अशा पाच-सात जणांना, आपल्याकडे कोणत्या महिन्यांची कोणती निरीक्षणे आहेत हे नेमके सांगणारे पंधरा ओळींचे पत्र लिहा. सगळे उत्तर देणार नाहीत. एकाने दिले आणि पुढे संयुक्त प्रकल्प उभा राहिला, तर प्रवासखर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात बसतो आणि तो घरातून काढावा लागत नाही. मात्र परदेशी भागीदाराला नमुने किंवा आकडेवारी देण्यापूर्वी मार्गदर्शकांशी बोला, आणि निबंधात नाव कुणाचे कुठे येणार हे लिहून घ्या. आपल्याकडची माती फुकट गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

एकतीस हजारांतले दीड हजार मात्र याच महिन्यात खर्च करा आणि पासपोर्टचा अर्ज भरा. तो दहा वर्षे चालेल. अर्जापूर्वी गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून नाव तपासा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि इतर कागदांवर ते शेवटी, त्यातून बरेच घोळ होतात. पुढे परिषदेची नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर, लिहायचे.

आयोजकांना काय लिहावे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. जे आहे तेच लिहा. ‘प्रवासासाठी आर्थिक साहाय्य मिळू शकले नाही, म्हणून प्रत्यक्ष येणे शक्य नाही, माझे पोस्टर ऑनलाइन सादर करण्याची सोय होऊ शकेल का?’ एवढी दोन वाक्ये पुरेत. प्रकृतीचे किंवा घरच्या लग्नाचे खोटे कारण देऊ नका. कारण पैशाचे आहे हे त्यांच्या नोंदीत राहिले पाहिजे, नाहीतर विदर्भातल्या मुलीला यायचेच नव्हते असा त्याचा अर्थ होतो. असे पत्र त्यांना दरवर्षी अनेक देशांतून येते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. ऑनलाइन सोय झाली, तर त्याचे शुल्क प्रत्यक्ष येण्यापेक्षा कमी असते. तिथले सकाळचे साडेआठ म्हणजे आपले दुपारचे बारा. ती वेळ भारनियमनाची असेल, तर त्या दिवशी विद्यापीठातच जा, आणि प्राचार्यांना आधी सांगून ते तास पुढे-मागे करून घ्या, म्हणजे तेवढे मानधन बुडणार नाही. सरांना हे सगळे फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा आणि जाताना पुढच्या वर्षीच्या मदतीच्या अर्जाचा कच्चा मसुदा सोबत न्या, कारण त्यावर शिफारसपत्र त्यांनाच द्यायचे आहे.